कम्युनिटी कॉलेजातल्या वर्गखोल्या आणि नेटवर्क : पैसा आधी कुठे घालावा?

तारायंत्र

कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेज डिस्ट्रिक्टमध्ये मी नेटवर्कचं काम बघतो. इथल्या मराठी घरांचा या कॉलेजांशी कुठून ना कुठून संबंध येतोच. कोणी एच-४ वर (नोकरीसाठी आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) आल्यावर तिथे अकाउंटिंगचे वर्ग केलेले असतात, कोणाची मुलं हायस्कूलमध्ये असतानाच तिथे कॅल्क्युलस घेतात, आणि घर स्वतःचं असेल तर प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात कॉलेजच्या रोख्यांची (मतदारांच्या मंजुरीने काढलेल्या कर्जाची) एक ओळ असते. आमच्याकडे सध्या वर्गखोल्या आणि नेटवर्क नवीन करायची आखणी चालू आहे. शिकवणारे, शिकणारे, वेगवेगळ्या राज्यांत राहणारे बरेच जण या मंचावर आहेत, त्यांचं ऐकायचं आहे.

ज्यांचा संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत, ७३ डिस्ट्रिक्टमध्ये विभागलेली. राज्यातल्या रहिवाशांना फी युनिटमागे (श्रेयांकामागे) ४६ डॉलर, २०१२ पासून तेवढीच. इथे दोन वर्षं शिकून विद्यापीठात जाता येतं, नाहीतर वेल्डिंग, वाहनदुरुस्ती, दंतसहायक असं काम शिकून थेट नोकरीला लागता येतं. संध्याकाळी सहाच्या वर्गाला येणारा माणूस बहुतेक वेळा दिवसभराची पाळी संपवून आलेला असतो. अनेकांच्या घरी धड इंटरनेट नसतं. निबंधसुद्धा फोनवर टाइप करणारे विद्यार्थी आहेत. महासाथीत इमारती बंद होत्या तेव्हा कितीतरी कॉलेजांनी पार्किंग लॉटमध्ये वायफाय सोडलं होतं आणि मुलं गाडीत बसून वर्गाला हजर राहायची. नंतर केंद्र सरकारची महिन्याला ३० डॉलर सवलत देणारी इंटरनेट योजना आली, पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांना मिळणारं केंद्रीय अनुदान) मिळणाऱ्यांनाही ती लागू होती. २०२४ च्या मध्यात पैसे संपले आणि ती बंद पडली. त्यामुळे आजही लायब्ररीतलं वायफाय हेच अनेकांचं खरं इंटरनेट आहे.

आणखी एक गोष्ट बाहेर फारशी माहीत नसते. शाळांना आणि सार्वजनिक ग्रंथालयांना ई-रेट नावाच्या केंद्रीय योजनेतून इंटरनेटवर २० ते ९० टक्के आणि आतल्या नेटवर्कवर ८५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळते. १९९६ च्या दूरसंचार कायद्यातून आलेली योजना आहे. कॉलेजांना ती नाही. रस्त्यापलीकडच्या हायस्कूलला नेटवर्कचे नवे स्विच (सगळ्या केबली एकत्र जोडणारी यंत्रं) सवलतीत मिळतात, आणि तिथलाच मुलगा पुढच्या वर्षी आमच्याकडे आला की तो पूर्ण किमतीच्या आणि बहुधा जुन्या नेटवर्कवर येतो.

माझं मत सरळ आहे. पैसा आला की तो आधी भिंतीवरच्या मोठ्या टच-पडद्यांत जातो, कारण ते दिसतात. तो आधी केबल, फायबर, वायरिंगच्या खोल्या आणि वीज यांत जायला हवा. तुमचे अनुभव लिहा, विरोधी असले तरी.

खडूफळा

चांगला धागा. मी बे एरियात तीन कॅम्पसवर अर्धवेळ इंग्रजी शिकवते. इथले निम्म्याहून जास्त शिक्षक अर्धवेळ आहेत. एका कॉलेजातून दुसरीकडे फ्रीवेवरून धावत जायचं, त्यामुळे आम्हाला नावही ‘फ्रीवे फ्लायर’ असंच पडलंय.

मला फोर-के पडदा नको आहे. प्रत्येक खोलीत एकच एक पद्धत हवी आहे. एका खोलीत टेबलावर बटणांची पट्टी, शेजारच्या खोलीत रिमोट (तो कुलपात, किल्ली ऑफिसात, ऑफिस पाचला बंद), तिसरीकडे स्पर्शाचं पॅनल. पाठ्यपुस्तक उघडण्याआधी मी प्रोजेक्टरचा इनपुट शोधत असते. सव्वा तासाच्या वर्गातली दहा मिनिटं अशी गेली की काय उरलं? पूर्णवेळ शिक्षकाला त्याची खोली पाठ असते. आम्हाला दर सत्रात नवी खोली मिळते, म्हणून याची झळ आम्हालाच बसते.

दुसरं, माइक. यावर कोणीच बोलत नाही. वर्गात कर्णबधिर विद्यार्थी असेल आणि थेट मथळे (बोललेलं लगेच पडद्यावर लिहून येतं ते) चालू असतील, तर मथळ्यांचा दर्जा माइकवर ठरतो. लॅपटॉपच्या माइकने माझा आवाज टिपला तरी मागच्या बाकावरचा प्रश्न त्या विद्यार्थ्याच्या पडद्यावर उमटतच नाही. चर्चेच्या वर्गात तो विद्यार्थी अर्ध्या चर्चेबाहेर राहतो. छताला दोन चांगले माइक लावा आणि पडद्याचे पैसे वाचवा, असं मी प्रत्येक बैठकीत सांगते.

निळाई

मी एच-४ वर असताना कम्युनिटी कॉलेजातून डेटाबेसचे वर्ग केले. आयुष्यातलं फार चांगलं वळण होतं ते, त्यामुळे या विषयावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

परीक्षा कॅनव्हास या ऑनलाइन अभ्यास-प्रणालीवर असायची. पस्तीस-चाळीस जण एकाच मिनिटाला लॉगिन करणार. माझ्या लॅपटॉपवर वायफायचे दांडे पूर्ण दिसायचे आणि पान मात्र उघडायचं नाही. शेजारच्या मुलीने फोनचा हॉटस्पॉट चालू केला, मग सगळ्यांनीच केला, आणि आणखी घोळ झाला. तिच्याकडे महिन्याचा मोजका डेटा होता, तो परीक्षेत गेला. सिग्नल पूर्ण दिसत असताना असं का व्हायचं, हे कोणी समजावेल का?

तारायंत्र

@निळाई, हा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

दांडे दाखवतात सिग्नल किती जोरात येतो ते. त्या लहरींवर किती जण वाटेकरी आहेत ते दाखवत नाहीत. वायफायमध्ये एका चॅनलवर एका वेळी एकच उपकरण बोलतं, बाकीचे थांबतात. जुनी आखणी अशी असायची की कॉरिडॉरमध्ये ठरावीक अंतरावर वायफाय सोडणारे ॲक्सेस पॉइंट लावायचे. तेव्हा वर्गात पाच लॅपटॉप असायचे. आता चाळीस विद्यार्थी म्हणजे ऐंशी उपकरणं, आणि कॉरिडॉरमधला एक पॉइंट दोन्ही बाजूंच्या चार खोल्या सांभाळतोय. भर म्हणजे लांब, मोकळ्या कॉरिडॉरमध्ये हे पॉइंट एकमेकांना स्पष्ट ऐकतात आणि एकमेकांसाठी थांबत राहतात. सगळ्यांनी हॉटस्पॉट चालू केले की त्याच गर्दीत चाळीस नवे आवाज. म्हणून तुमच्या वर्गात घोळ वाढला.

यावर उपाय म्हणजे पॉइंट वर्गाच्या आत आणायचा. २०२० मध्ये एफसीसीने (अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने) ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १२०० मेगाहर्ट्झ एवढी मोठी जागा वायफायला मोकळी केली. वायफायच्या ६ई आणि ७ या नव्या आवृत्त्या ती वापरतात. गर्दीच्या वर्गाला हे वरदान आहे. या लहरी भिंतीतून कमी जातात, आणि शेजारच्या दोन वर्गांनी एकमेकांना त्रास देऊ नये म्हणून ते बरंच आहे. पण मग प्रत्येक खोलीत एक पॉइंट लागतो. इथून खर्चाची खरी गोष्ट सुरू होते.

प्रत्येक पॉइंटला केबल लागते. आमच्या बऱ्याच इमारती १९६०-७० च्या दशकांतल्या आहेत, कॅलिफोर्नियात त्या काळात ही कॉलेजं धडाधड उभी राहिली. काँक्रीटच्या भिंती, आणि छताच्या फरश्यांत किंवा पाइपांच्या आवरणात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता. भोक पाडण्याआधी तपासणी, सापडलं तर ते काढणारी वेगळी टोळी, तोवर खोली बंद. जड पडदा किंवा कपाट भिंतीला बसवायचं तर भूकंपाचे नियम आहेतच. १९३३ च्या लाँग बीचच्या भूकंपानंतर आलेल्या फील्ड कायद्यापासून इथे शैक्षणिक इमारतींवर राज्याची नजर कडक आहे, आणि असायलाच हवी.

जुनी कॅट ५ई केबल लगेच उपटायची गरज नसते, हेही सांगतो. २०१६ च्या मानकानुसार तिच्यावरून १०० मीटरपर्यंत २.५ गिगाबिट चालतं. केबल चांगली असेल तर मोजून घ्या आणि ठेवा. जिथे भिंत उघडणारच आहे तिथे मात्र कॅट ६ए टाका. तिच्यावर १०० मीटरपर्यंत १० गिगाबिट मिळतं, आणि ती भिंत पुन्हा वीस वर्षं कोणी उघडणार नाही.

मग वीज. ॲक्सेस पॉइंटला वीज त्याच केबलमधून स्विच देतो. २००३ च्या मानकात पोर्टमागे १५.४ वॅट होते, २००९ मध्ये ३०, आणि २०१८ मध्ये ९० पर्यंत गेले. नव्या पॉइंटना बहुधा ३० तरी लागतात. ४८ पोर्टांच्या स्विचवर सगळीकडे ३० द्यायचे म्हटलं तर १४४० वॅट झाले, आणि एका कपाटात असे तीन-चार स्विच. ते कपाट असतं कुठे? जुन्या इमारतींत सफाई कामगारांच्या बादल्या आणि नळ असलेल्या खोलीच्या कोपऱ्यात. वीज एकाच सर्किटची, हवा खेळायला जागा नाही, आणि शेजारी पाणी. स्विच तिथे उन्हाळ्यात तापून मरतात. त्या खोलीला स्वतंत्र वीज, थंडावा, यूपीएस आणि कुलूप मिळालं तर अर्ध्या तक्रारी विद्यार्थ्यापर्यंत पोचतच नाहीत.

शेवटी इमारती जोडणारी फायबर. नव्वदच्या दशकात जमिनीखाली घातलेली बहुतेक ६२.५ मायक्रॉनची मल्टिमोड (कमी अंतरासाठीची) आहे. तिच्यावर एक गिगाबिट अडीचशे मीटरपर्यंत जायचं. नेहमीचं १० गिगाबिटचं उपकरण लावलं तर ते जेमतेम तीसेक मीटर चालतं. जास्त अंतराची वेगळी उपकरणं मिळतात, पण तीही एका मर्यादेपर्यंतच. म्हणजे वर्गात वायफाय ७ बसवून मागे इमारतीला एक गिगाबिट, असा प्रकार होतो. सिंगलमोड (लांब पल्ल्याची) फायबर एकदाच घालावी. वेग वाढवायचा झाला तर पुढे फक्त दोन टोकांची उपकरणं बदलावी लागतात.

कॉलेजच्या फाटकापर्यंतची बाजू कॅलिफोर्नियात तशी मजबूत आहे. सेनिक ही १९९७ मध्ये स्थापन झालेली ना-नफा संस्था शाळांपासून यूसी म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियापर्यंत सगळ्यांना एकाच राज्यव्यापी जाळ्यात जोडते. अडचण फाटकापासून बाकापर्यंतच्या शेवटच्या पाचशे मीटरांत आहे.

दख्खनवारा

तारायंत्र, तांत्रिक बाजू पटली, पण तुमच्या मूळ मताला माझा विरोध आहे. मी टेक्ससमध्ये कॉलेजांच्या वर्गखोल्यांत पडदे-ध्वनी बसवणाऱ्या कंत्राटदाराकडे काम करतो.

लोकांनी रोख्यांना मत दिलं, तीन वर्षांनी कॉलेजात येऊन बघितलं, आणि वर्ग तसाच कळकट, तर पुढच्या वेळी ते मत का देतील? जमिनीखालची फायबर कोणाला दाखवणार? दिसणाऱ्या बदलाचं मोल असतं. विद्यार्थ्यालाही असतं. स्वच्छ, उजेडाचा, धड चालणाऱ्या पडद्याचा वर्ग मिळाला की आपल्याला इथे किंमत आहे असं त्याला वाटतं. श्रीमंत विद्यापीठाच्या मुलाला ते मिळतं, मग रात्रपाळी करून येणाऱ्याला का नाही?

आणि दिव्याचे जुने प्रोजेक्टर काढणं हा दिखावा नाही. दिवा तीन-चार हजार तासांत मंदावतो, बदलायला माणूस आणि शिडी लागते, आणि दिव्यात पारा असतो. लेझर प्रोजेक्टर साधारण वीस हजार तास चालतो. कमी माणसांच्या कॉलेजात हा फरक फार मोठा आहे.

तारायंत्र

@दख्खनवारा, लेझर प्रोजेक्टरबद्दल पूर्ण सहमत. विद्यार्थ्याला किंमत वाटण्याचा मुद्दाही मनापासून पटला. मी क्रम बदला म्हणतोय, पडदे काढून टाका म्हणत नाही. एका इमारतीत काम काढलं की तिथलं वरचं-खालचं सगळं एकदमच करावं, म्हणजे लोकांना दिसेलही आणि चालेलही. सगळ्या कॅम्पसवर एकेक पडदा वाटत सुटलं की काहीच नीट होत नाही.

पैशाच्या स्वरूपाबद्दल मात्र बोलायला हवं. कॅलिफोर्नियात २००० सालच्या प्रपोझिशन ३९ या सार्वमतानंतर स्थानिक रोखे ५५ टक्के मतांनी मंजूर होतात, आधी दोन-तृतीयांश लागायची. त्यातून इमारती आणि त्यांतली साधनं घेता येतात, शिक्षकांचे किंवा प्रशासनाचे पगार देता येत नाहीत. रकमा मोठ्या असतात. मार्च २०२० मध्ये फूटहिल-डी अँझा डिस्ट्रिक्टच्या मतदारांनी ८९ कोटी ८० लाख डॉलरचे रोखे मंजूर केले. असे रोखे लोक वीस-तीस वर्षं फेडतात. स्विच सात-आठ वर्षांत जुना होतो, लॅपटॉप चार-पाच वर्षांत. म्हणजे आज रोख्यांतून घेतलेला लॅपटॉप भंगारात जाऊन वीस वर्षं झाली तरी त्याचे हप्ते कोणीतरी भरत असणार. रोख्यांचा पैसा दीर्घायुषी गोष्टींत घालावा असं मी म्हणतो ते यासाठी. केबल घालायच्या नळ्या, फायबर, केबल, वीज, थंडावा. लवकर मरणारी साधनं दरवर्षीच्या बजेटातून, ठरावीक फेऱ्यांत बदलावीत.

महासाथीच्या मदतीने हाच प्रश्न पुन्हा उभा राहिलाय. मार्च २०२० चा केअर्स कायदा, मग डिसेंबर २०२० आणि मार्च २०२१ चे कायदे, अशा तीन हप्त्यांत कॉलेजांना पैसा आला. पहिल्या हप्त्यातला किमान निम्मा थेट विद्यार्थ्यांना द्यायचा होता, ते फार चांगलं झालं. उरलेल्यातून सगळ्यांनी एकदम लॅपटॉप, कॅमेरे, ॲक्सेस पॉइंट घेतले. २०२३ मध्ये त्या पैशाची मुदत संपली. एकाच वर्षी घेतलेल्या वस्तू एकाच सुमारास मरतात, आणि त्या बदलायला आता कोणताच हप्ता येणार नाही. ज्या कॉलेजांनी तेव्हाच बजेटात बदलीची ओळ घातली ती वाचली.

यंत्रशाळा

मी इलिनॉयमध्ये सीएनसी मशीनिंग (संगणकाच्या आज्ञेने धातू कापणारी यंत्रं चालवणं) शिकवतो. देशातलं पहिलं सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज आमच्याच राज्यात, जोलिएटला १९०१ मध्ये निघालं, म्हणून थोडा अभिमान आहे.

सगळी चर्चा खुर्च्या-बाकांच्या वर्गाची चालली आहे. आमच्या शॉपकडे (कार्यशाळेकडे) या. सीएनसी मशीनचं आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचं असतं. त्याच्या कंट्रोलरमध्ये विंडोज एक्सपी किंवा ७ बसलेलं असतं, आणि नव्या आवृत्तीसाठी उत्पादक अख्खा कंट्रोलर बदला म्हणतो. मशीन उत्तम चालतंय, विद्यार्थी त्यावर शिकून कारखान्यात लागतायत. मग आयटीकडून आदेश येतो की जुनी विंडोज नेटवर्कवर चालणार नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चाही नेहमीचा पाठिंबा संपला, तेव्हापासून धास्ती वाढली आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, प्रयोगशाळेतले धडधाकट संगणक त्यामुळे बाद ठरले. नर्सिंगवाल्यांचंही असंच. त्यांचे श्वास घेणारे, नाडी देणारे पुतळे नेटवर्कवर चालतात आणि ते प्रचंड महाग असतात.

आखणी करणाऱ्यांनी शॉपमध्ये येऊन एक दिवस उभं राहावं एवढीच विनंती.

तारायंत्र

@यंत्रशाळा, अगदी खरं. यावर मार्ग आहे आणि तो फार महागही नाही. अशा यंत्रांना वेगळं आभासी नेटवर्क द्यायचं, ज्यातून इंटरनेट बंद, ईमेल बंद. फक्त एका ठरावीक सर्व्हरवरून प्रोग्रॅमच्या फाइल येतील, बाकी कुठेच वाट नाही. मशीन चालू राहतं आणि बाकीचं कॉलेजही सुरक्षित राहतं. प्रोजेक्टर, कॅमेरे, दारांची कुलुपं यांनाही असंच वेगळं ठेवायचं.

आयटीवाले कडक का होतात तेही समजून घ्या. २०१६ च्या अखेरीस लॉस एंजेलिस व्हॅली कॉलेजच्या फाइली हल्लेखोरांनी कुलूपबंद केल्या आणि कॉलेजला २८,००० डॉलरची खंडणी बिटकॉइनमध्ये भरावी लागली. २०२१ मध्ये आयोवातल्या डे मॉइन एरिया कम्युनिटी कॉलेजला सायबर हल्ल्यामुळे वर्ग बंद ठेवावे लागले. केंद्रीय आर्थिक मदत देणाऱ्या कॉलेजांना तर विद्यार्थ्यांची माहिती सांभाळण्याचे बँकांसारखेच नियम लागू आहेत, जून २०२३ पासून दुहेरी ओळखपडताळणीसुद्धा.

कृष्णाकाठ

मी सांगली जिल्ह्यात वरिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. आमच्याकडे २००९ च्या राष्ट्रीय मिशनमधून बीएसएनएलच्या जोडण्या आल्या होत्या, मग वायफाय आलं, आता स्मार्ट बोर्ड आलेत. वीज गेली की बोर्ड काळा. आमच्या समितीपुढे पुढच्या महिन्यात हाच विषय आहे. यातलं आम्हाला काय घेता येईल?

तारायंत्र

@कृष्णाकाठ सर, तुमच्याकडे वीज पहिली. अर्थिंग मोजून घ्या, सर्जपासून संरक्षण बसवा, नेटवर्कच्या कपाटाला स्वतंत्र यूपीएस द्या. वीज गेल्यावर स्विच आणि ॲक्सेस पॉइंट चालू राहिले तर विद्यार्थ्यांचे फोन चालू राहतात आणि वर्ग थांबत नाही. एका इमारतीतून दुसरीत जाणारी केबल तांब्याची असेल तर ती काढून फायबर घाला, पावसाळ्यात विजेचा धक्का तांब्यावाटेच एका इमारतीतून दुसरीत जातो. आणि नव्या बोर्डाच्या करारात दुरुस्तीला माणूस किती दिवसांत येणार हे लिहून घ्या.

खडूफळा

तारायंत्र, एक विचारते. आमच्या डिस्ट्रिक्टमध्येही रोख्यांचा ठराव येतोय. मी शिक्षक आहे आणि मतदारही. कागदावर ‘वर्गखोल्यांचं आधुनिकीकरण’ एवढंच लिहिलेलं असतं. नेमकं काय विचारायचं?

तारायंत्र

@खडूफळा ताई, तीन गोष्टी विचारा. घेतलेली साधनं किती वर्षांनी बदलणार आणि तो पैसा कुठून येणार, याचा लेखी तक्ता आहे का? वायफायची आखणी करताना खोल्या विद्यार्थ्यांनी भरलेल्या असताना मोजणी केली होती का, की सुट्टीत रिकाम्या इमारतीत? आणि हे सगळं सांभाळायला माणसं किती? रोख्यांतून पगार देता येत नाहीत, म्हणजे दोनशे नव्या खोल्या आणि तेच दोन तंत्रज्ञ असं होऊ शकतं. हा तिसरा प्रश्न विश्वस्तांना सगळ्यात अवघड जातो, म्हणून तो नक्की विचारा.

ब्राउन कायद्यामुळे (सार्वजनिक मंडळांच्या बैठका खुल्या ठेवणारा कॅलिफोर्नियाचा कायदा) विश्वस्त मंडळाच्या नियमित बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते आणि लोकांना बोलायला वेळ द्यावा लागतो. ठराव मंजूर झाला तर कायद्याने नागरिकांची देखरेख समिती नेमावी लागते. तिच्यावर कॉलेजच्या कर्मचाऱ्यांना बसता येत नाही, पण @निळाईसारख्या माजी विद्यार्थिनीला अर्ज करता येतो. या समित्यांना माणसं मिळत नाहीत, तेव्हा निळाई, मनावर घ्याच.

निळाई

आमच्या डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर आत्ताच पाहिलं. दोन जागा रिकाम्या आहेत. अर्जाचा कागद उतरवून घेतलाय, भरताना अडलं तर इथेच विचारेन.